दादाच्या बसचं ग्राफिक्स कार्ड

चित्र कसं दिसावं, हे मला कुणी शिकवू नये. माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्टचे फोटो, ओळखपत्राचे फोटो असतातच, पण दुकान खरं चालतं ते गेलेल्या माणसांवर. घरात कुणी गेलं की लोक एखादा चुरगळलेला फोटो घेऊन येतात. त्यात गेलेला माणूस कुठल्यातरी सहलीत मागच्या रांगेत अर्धामुर्धा उभा असतो. मी त्याला रांगेतून बाहेर काढतो, त्याच्या खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसतो, कोट चढवतो, भांग पाडतो आणि कोपऱ्यात काळी पट्टी मारून फ्रेम करून देतो. हयातीत ज्यांच्या शर्टाला कधी इस्त्री लागली नाही, अशी कितीतरी माणसं माझ्याकडून सुटाबुटात गेली आहेत. तेव्हा ग्राफिक्स कार्ड निवडताना मी कुणाला विचारत बसलो नाही, यात तुम्हाला नवल वाटायला नको.

खेळ मला खेळायचा नव्हता, हे आधीच सांगतो. ते सगळं दादासाठी चाललं होतं.

दादा माझा थोरला भाऊ. बस चालवायचा. उभं आयुष्य एकाच डेपोत, एकाच मार्गावर, एकाच कंडक्टरबरोबर काढलं. त्याला साखर होती, पण साखरेकडे बघायला त्याच्याकडे वेळ नव्हता. टाचेला बूट चावला, त्याची जखम झाली, ती चिघळली, आणि शेवटी डॉक्टरांनी उजवं पाऊल घोट्याच्या वरून काढून टाकलं. डेपोनं त्याला घरी बसवलं. बसवलं म्हणायचं, पण तो बसलाच नाही, तो आडवा झाला. स्टुडिओच्या मागेच आमचं घर आहे. तिथल्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून तो पडून असायचा. वहिनी इंजेक्शन भरून उभी राहायची आणि तो म्हणायचा, "नंतर." जेवायला हाक मारली की, "नंतर." कुबड्या पलंगाला टेकवून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर वहिनी टॉवेल वाळत घालायला लागली होती.

डॉक्टर वहिनीला म्हणाले, "हे असेच पडून राहिले आणि साखर अशीच राहिली, तर दुसरा पाय जाईल. मग त्याच्यापुढचं तुम्ही समजून घ्या. यांना उठावंसं वाटलं पाहिजे. त्याचं औषध माझ्याकडे नाही."

मी घाबरलो होतो. रोज काळ्या पट्ट्या मारणाऱ्या माणसाला आपल्याच घरातल्या पलंगाकडे बघताना काय वाटतं, ते मी शब्दात सांगू शकत नाही. धंद्यामुळे डोळ्याला एक घाणेरडी सवय लागते. दादाचा चेहरा बघताना मला हटकून वाटायचं, हा फोटो चांगला येईल, आणि मग मला माझीच शिसारी यायची.

एकदा जखमेचं ड्रेसिंग बदलायला त्याला दवाखान्यात नेलं होतं. नंबर यायचा होता. ड्रेसिंग करणारा माणूस कोपऱ्यात मोबाइलवर कसलातरी खेळ खेळत होता. पडद्यावर एक बस घाटातून उतरत होती. दादा बराच वेळ त्याच्या खांद्यावरून बघत होता. मग एकदम म्हणाला, "दुसऱ्या गिअरला घे. या वळणावर पलटी होईल."

आणि बस पलटी झाली.

वहिनीनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. "नंतर" सोडून दादा किती दिवसांनी काही बोलला होता! परत येताना रिक्षात तो आणखी एक वाक्य बोलला. "चौथ्या गिअरमध्ये घाट उतरतो, गाढव." दोघं दीर-भावजय आम्ही डोळे पुसत घरी आलो.

मी तोच खेळ माझ्या मोबाइलवर घेऊन दादासमोर धरला. त्यानं एकदाच पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे वळला. "बस तळहातावर चालवायची होय," एवढंच म्हणाला.

त्याचं बरोबर होतं. बस बसएवढी दिसायला पाहिजे. स्टुडिओत माझा मोठा पडदा होता, कॉम्प्युटर होता, फक्त त्यात ग्राफिक्स कार्ड नव्हतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ही कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी एक पाटी असते, तिला स्वतःचे पंखे असतात, आणि हलतं चित्र काढायचं सगळं काम ती करते. फोटोला ती लागत नाही. माझी गिऱ्हाइकं हलत नाहीत.

मी वहिनीला सांगितलं, दादाला काही बोलू नका, तयार झालं की दाखवू. वहिनी म्हणाली, "भाऊजी, खेळण्यानं काय होणार आहे?" मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाली, "आणा."

कॉम्प्युटरच्या दुकानदाराची एक सवय आहे, तो गिऱ्हाइकाकडे बघत नाही.

"बजेट?"

"कमी."

"कमी म्हणजे?"

"सांगायला लाज वाटेल इतकं."

"गेम कुठला?"

"बसचा."

"बसमधून गोळीबार वगैरे?"

"नाही. थांब्यावर थांबवायची. माणसं चढली की निघायचं."

"बास? एवढंच?" त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "पॉवर सप्लाय किती वॅटचा आहे तुमचा? कॅबिनेट केवढं?"

"स्टुडिओचा कॉम्प्युटर आहे," मी म्हणालो. "सगळं भरपूर आहे."

त्यानं मान पुन्हा खाली घातली आणि एक छोटंसं, एकाच पंख्याचं कार्ड काउंटरवर सरकवलं. म्हणाला, बसला पुरेल. मला ते बघूनच पटलं नव्हतं. एवढ्याशा पंख्यावर बस कशी चालेल? पण बजेटचा विचार करून मी ते घेऊन आलो, बसवलं, पडद्याची केबल मागे नेहमीच्या जागी घट्ट खोचली आणि वहिनीला बोलावलं.

बस थांब्यावर उभी होती. मी ती सुरू केली. थोड्या वेळानं ती एकदम पुढच्या चौकात दिसली. मधला रस्ता कुणी पाहिला नाही. मग ती एका झाडाजवळ दिसली, मग झाडात.

"हे फोटो दाखवताय का?" वहिनीनं विचारलं.

"बस आहे ती. चालतेय."

"कुठं चालतेय?"

"थांबून थांबून चालतेय."

वहिनी पदराला हात पुसत म्हणाली, "मग ह्यांच्यासारखीच आहे." आणि आत निघून गेली.

कार्ड दुबळं आहे, हे मी तिथल्या तिथे ओळखलं. दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या काउंटरवर आपटलं. तो म्हणाला, "केबल नीट लावली का?" ज्या माणसाचे केस केबली लावण्यात पांढरे झाले त्याला हे विचारायचं! त्याच्या मागच्या फळीवर एका बंद पडलेल्या गेमिंग पार्लरमधलं जुनं कार्ड पडलं होतं. तीन पंखे, कोपरापासून बोटांपर्यंत लांब, वजनाला विटेसारखं.

"ते द्या."

"ते तुमच्या कॅबिनेटमध्ये बसणार नाही."

"बसवतो."

"त्याला वीज जास्त लागते."

"देतो."

दुकानदारानं खांदे उडवले. तो वाद घालत नाही, त्याला मोबाइल बघायचा असतो.

कार्ड बसलं नाही. कॅबिनेटच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या खोक्याच्या, आत एक पत्र्याचा पिंजरा होता, तो आडवा येत होता. माझ्याकडे फ्रेमचं काम असल्यामुळे करवत असतेच. वहिनीनं कॅबिनेट धरलं आणि मी पिंजरा कापायला घेतला. पत्र्याचा तो किरकिराट घरभर घुमला.

आतून दादाचा आवाज आला, "काय कापताय?"

आमचे दोघांचेही हात थांबले. तो शब्द आमच्या घरात बरेच दिवस कुणी तोंडातून काढला नव्हता. भाजी चिरली जायची, नखं काढली जायची. वहिनी कॅबिनेटवर डोकं टेकून तशीच बसून राहिली. मी म्हणालो, "फ्रेम आहे." मी उरलेला पिंजरा पकडीनं वाकवून मोडला.

एवढं करून बस पुन्हा फोटोसारखीच. चौक, झाड, झाडात. वर एक नवीनच दुखणं लागलं. माझा मोठा प्रिंटर सुरू झाला की कॉम्प्युटर धाडकन बंद पडायचा. एक्स्टेन्शन बोर्डाचा प्लग सैल झाला असेल अशी मी स्वतःची समजूत घातली.

आता पुढचं नीट ऐका, कारण माझा धंदा कसा चालतो हे कळल्याशिवाय माझा गुन्हा किती हे तुम्हाला ठरवता येणार नाही.

माझ्या कॉम्प्युटरवर मी एक सोय करून ठेवली आहे. एका ठरावीक फोल्डरमध्ये फोटो टाकला की त्याला आपोआप काळी पट्टी लागते आणि मोठ्या आकारात छापून येतो. माणसं घाईत असतात, रडत असतात, त्यांना उभं ठेवायला बरं वाटत नाही. त्या सकाळी दादाच्याच डेपोतला निवृत्त टाइमकीपर गेल्याचं कळलं. त्याचा मुलगा वडिलांचा गणवेशातला फोटो देऊन गेला. शोकसभा दुपारीच होती. आणि माझ्या कॉम्प्युटरवर आदल्या दिवसापासून दादाचाही गणवेशातला फोटो होता, कारण त्या बसच्या खेळात ड्रायव्हरचा चेहरा लावता येतो.

टाइमकीपर तयार झाला, छापायला टाकला, प्रिंटर घरघरला आणि कॉम्प्युटर बंद. पुन्हा चालू केला. पुन्हा बंद. बाहेर टाइमकीपरचा पुतण्या गाडीचा हॉर्न वाजवत होता. तिसऱ्यांदा चालू केल्यावर मी घाईघाईत खाकी कपड्यातला माणूस उचलून फोल्डरमध्ये टाकला आणि प्रिंट पूर्ण होईपर्यंत टेबलाखाली शिरून प्लग दोन्ही हातांनी दाबून धरला. प्रिंट बाहेर आली ती पालथी. फ्रेम पालथीच करतात, आधी काच, मग फोटो, मग पुठ्ठा, मग खिळे. मला दिसते ती फोटोची पांढरी पाठ. खाकी कागदात गुंडाळून मी ती पुतण्याच्या हातात दिली आणि चहा घेतला.

चहा संपत नाही तोच टाइमकीपरच्या मुलाचा फोन आला.

"हा कोण माणूस आहे?"

"कुठला?"

"फ्रेममधला."

"तुमचे वडील."

"माझ्या वडिलांना मिशा नव्हत्या."

"जुना फोटो असेल. आईंना विचारा एकदा."

"आईच विचारतेय, हा कोण."

मी कॉम्प्युटरकडे वळून पाहिलं. टाइमकीपर पडद्याच्या कोपऱ्यात जिथल्या तिथे बसून होता.

पुन्हा प्लग दाबून टाइमकीपर छापला आणि बदली फ्रेम काखेत मारून मी हॉलवर धावलो. दादा टेबलावर होता. फुलं वाहिलेली, उदबत्तीचा धूर त्याच्या नाकासमोरून वर चाललेला, कोपऱ्यात काळी पट्टी. तो फोटो चांगला येईल असं मला वाटायचं ना, तो खरंच चांगला आला होता. मी तो खुर्च्यांच्या मधून छातीशी धरून बाहेर आणला, आणि पायरीवर बसून मला हुंदकाच फुटला. जवळून जाणाऱ्या एका बाईनं मला पाण्याची बाटली दिली. म्हणाली, "तुमचे अगदी जवळचे होते का?" मी हो म्हणालो.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. मी पोचायच्या आधी दादाचा कंडक्टर हॉलमध्ये येऊन गेला होता. ड्यूटीवर जायचं म्हणून तो लवकर आला, टेबलावर बघतो तर टाइमकीपरच्या शोकसभेत दादा. त्याला वाटलं, दोघं एकदमच गेले, दोघांची सभा एकत्र ठेवली. अशा वेळी विचारायचं कुणाला? त्यानं हात जोडले आणि थेट डेपो गाठला.

संध्याकाळी दार वाजलं. वहिनीनं उघडलं. बाहेर कंडक्टर, त्याच्यामागे डेपोतले सात-आठ जण, आणि दोघांनी मिळून धरलेलं फुलांचं मोठं चक्र. कंडक्टरच्या डोळ्यांना धार लागली होती.

"वहिनी, आम्हाला कळवलंसुद्धा नाही."

"काय कळवायचं होतं?"

"पायलट गेला, आणि आम्ही ते हॉलमधल्या फोटोवरून समजून घ्यायचं?" दादाला तो पायलट म्हणायचा.

वहिनीनं वळून माझ्याकडे पाहिलं. मी आजवर पुष्कळ चेहरे टिपले आहेत, तो टिपला नसता.

"कोण आलंय?" आतून दादाचा आवाज आला.

कंडक्टर दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. मागच्यांपैकी एकजण सरळ रस्त्याला लागला, तो पुन्हा दिसला नाही. आणि मग आम्हाला तो आवाज ऐकू आला, जो ऐकायला आम्ही दोघं किती दिवस आसुसलो होतो. टक्, टक्. कुबड्यांचा. दादा दारात येऊन उभा राहिला. दाढी वाढलेली, एका कुबडीवर वहिनीचा टॉवेल तसाच लोंबत होता.

त्यानं चक्राकडे पाहिलं. चक्रावर रिबन होती. ती त्यानं मोठ्यानं वाचली. "तुझी उणीव आम्हाला सदैव भासेल. सर्व सहकारी."



"कधीपासून भासायला लागली?" दादानं विचारलं.

"पायलट..."

"डेपोपासून इथवर बस येते. मीच आणायचो. या खोलीत मी इतके दिवस पडलोय, तेव्हा नाही भासली?"

कंडक्टर खाली बघत म्हणाला, "यायचं होतं रे. रोज ठरवायचो. इथं येऊन काय बोलायचं, तेच सुचायचं नाही."

"आणि आज काय बोलणार होतास?"

"आज बोलायचं नसतं ना," कंडक्टर म्हणाला. "फुलं ठेवायची आणि जायचं."

दादाच्या छातीतून एक आवाज निघाला. तो हसला का खोकला, ते मला कळलं नाही. वहिनीला मात्र कळलं असावं, कारण ती कुणी न सांगता चहा ठेवायला गेली. दादा खुर्चीवर बसला, सगळ्यांना बसवलं, चक्र कोपऱ्यात उभं केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तू बोल."

मी सगळं सांगितलं. बस, कार्ड, पिंजरा, प्लग, फोल्डर. सांगताना मलाच ते खरं वाटत नव्हतं.

"म्हणजे," दादा म्हणाला, "खेळण्यातली बस चालावी म्हणून तू मला मारलंस."

मी मान डोलावली. तेवढ्यात वहिनीचा चहा आला.

जाताना कंडक्टरनं एक पाकीट वहिनीपुढे केलं. दादा गेला म्हणून डेपोनं वर्गणी काढली होती. वहिनी हात लावेना. दादा तर त्याच्याकडे बघेनाच. ज्यांनी ती दिली होती ते परत घ्यायला तयार नव्हते, मेलेल्या माणसासाठी दिलेलं परत घेणं बरं दिसत नाही म्हणे. कंडक्टर ते पाकीट तसंच घेऊन गेला. दादा पुन्हा पलंगावर गेला. भिंतीकडे तोंड, "नंतर", सगळं पहिल्यासारखं. टॉवेल तेवढा वहिनीनं कुबडीवरून काढला आणि परत घातला नाही.

आठवड्याभरानं कंडक्टर एक भलंमोठं खोकं घेऊन आला. सोबत कॉम्प्युटरचा दुकानदार. वर्गणीचं त्यानं खेळायचं स्टिअरिंग घेतलं होतं. खरं, गोल, हाताला घट्ट बसणारं. शिवाय त्या मोठ्या कार्डाला वीज पुरेल असा नवा पॉवर सप्लायसुद्धा त्यातच आणला होता. माझी कीर्ती ऐकून दुकानदाराला स्वतः यावंसं वाटलं. त्यानं पॉवर सप्लाय बदलला, मग कॉम्प्युटर फिरवून मागे पाहिलं, पडद्याची केबल उपसली आणि चार बोटं खाली दुसऱ्या भोकात खोचली.

"ही पहिल्यापासून वरच होती?"

"नेहमीच्या जागी होती," मी म्हणालो.

"मग कार्डाला पडदा जोडलेलाच नव्हता. कार्ड नुसतं आत बसून होतं." तो माझ्याकडे बघत म्हणाला. हे त्यानं अगदी डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. "कुठलंही घेतलं असतं तरी हेच झालं असतं. ते पहिलं छोटं पुरलं असतं तुम्हाला."

मी कॅमेऱ्याची काच पुसायला घेतली. ती स्वच्छच होती.

पण पडद्यावर बस चालायला लागली. मधला रस्ता दिसत होता, दुकानं मागे जात होती, समोरच्या काचेवर दिव्यांचे उजेड पडत होते. कंडक्टर आत गेला. आत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, पण टक् टक् करत दादा स्टुडिओत आला. पासपोर्टच्या फोटोसाठी माणसं बसवतो त्या खुर्चीवर बसला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. कुठं बसायचं हे त्या हातांना माहीत होतं. दारात उभ्या असलेल्या वहिनीनं पदर तोंडाशी नेला.

"अरे, आणि हे राहिलंच," असं म्हणत कंडक्टरनं खोक्याच्या तळातून शेवटची वस्तू काढली आणि दादाच्या खुर्चीसमोर जमिनीवर मांडली. तीन पेडलं. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर.

आम्ही सगळे त्या पेडलांकडे बघत राहिलो.

कार्डाची लांबी मी पट्टीनं मोजली होती. पंखे मोजले होते, वजन हातात घेऊन पाहिलं होतं, त्यासाठी करवत चालवली होती. कंडक्टरनं स्टिअरिंग दहा दुकानं फिरून निवडलं होतं. हे सगळं ज्या माणसासाठी चाललं होतं त्याला उजवा पाय नाही, एवढी एकच गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आली नाही. ज्या पायासाठी घर रडत होतं, तोच पाय आम्ही सगळे विसरलो होतो.

कंडक्टरचा चेहरा उतरला. दुकानदार घाईनं म्हणाला, "सेटिंग बदलता येतं. ऑटोमॅटिक करू, क्लच लागणार नाही, डाव्या पायावर सगळं होईल."

"क्लच नसलेली बस मी चालवत नाही," दादा म्हणाला. आवाज शांत होता. त्यानं स्टिअरिंग सोडलं आणि कुबडीकडे हात नेला. तो कुठं निघाला होता ते मला माहीत होतं. आता जाऊन तो जो भिंतीकडे वळला असता, तो पुन्हा या बाजूला वळला नसता.

मी काही ठरवलं नाही. मी टेबलाखाली शिरलो, त्या जागेची मला सवय झालीच होती. गुडघ्यांवर बसून दोन पेडलांवर दोन हात ठेवले आणि आतूनच ओरडलो, "क्लच तुझा! उरलेली दोन माझी. तू सांग, मी दाबतो."

 वर कुबडी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला. मग ती कुबडी पुन्हा भिंतीला टेकवली गेली, आणि दादाचा डावा पाय खाली येऊन क्लचवर बसला.

"ॲक्सिलरेटर," दादा म्हणाला. "हळू. हळू म्हटलं ना, सायकलला हवा भरतोयस काय?"

बस निघाली असावी.

"ब्रेक. ब्रेक! अरे म्हातारी चढतेय, मारशील तिला. आधीच एकाला मारलंयस."

तेव्हापासून हे रोज चालतं. संध्याकाळी कंडक्टर ड्यूटी संपवून येतो, दादाच्या मागे स्टुलावर बसतो आणि तोंडानं डबल बेल देतो. दादानं इंजेक्शन घेतलेलं नसलं तर तो बेल देत नाही, आणि बेल मिळाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे दादाच्या हाडात मुरलेलं आहे. तो दंड पुढे करतो. जेवतोही. दुसऱ्या पायाबद्दल डॉक्टर "बघू" म्हणतात, पूर्वी तेवढंही म्हणत नसत. मधूनच कुणीतरी घरातलं गेलेलं माणूस घेऊन दुकानात येतं आणि टेबलाखालून माझं डोकं बाहेर आलेलं बघून दचकतं. मी त्यांना सांगतो, पुढच्या थांब्यापर्यंत थांबा.

कमी बजेटमध्ये कुठलं ग्राफिक्स कार्ड घ्यावं, असं मला हल्ली लोक विचारतात, कारण माझी अक्कल गावभर झाली आहे. चित्र फार सुरेख दिसतं म्हणतात. वहिनी म्हणते रस्ता अगदी खरा वाटतो, कंडक्टरला म्हणे परवा गाडी लागली. मी अजून पाहिलेलं नाही. टेबलाखालून मला फक्त दादाचा डावा पाय दिसतो. मी त्याची बोटं बघत असतो, रंग बघतो, टाचेला चीर गेली नाही ना ते बघतो.

तेवढ्यात वरून आवाज येतो, "झोपलास का? सिग्नल लागलाय."

मी ब्रेक दाबतो.